सोलापूरजवळ तंबूत एक रात्र राहायला जागा सुचवा (बारकी पोरं सोबत आहेत)

जुळेकर:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून बहीण-दाजी येणारेत त्यांच्या दोन पोरांना घेऊन. आमची दोन. दरवेळी ते आले की सिद्धेश्वर, अक्कलकोट, तुळजापूर आणि जाताना शेंगा चटणी अन् कडक भाकरीचं पार्सल, एवढाच कार्यक्रम. यावेळी भाच्यानं फोनवर विचारलं, मामा तुमच्याकडं पवना लेकसारखं तंबूत राहायचं काही नाही का, आणि मागनं दाजी हसले. ते हसणं काय डोक्यातनं जाईना म्हणून मी त्याच रात्री दोन तंबू ऑनलाईन मागवून टाकले. आता ते हॉलमध्ये पडलेत आणि बायको विचारतीय, ठोकणार कुठं, गॅलरीत का?

तर शंभर किमीच्या आत बघतोय. डोक्यात आहे ते असं: उजनीचा काठ, नळदुर्ग किल्ल्याच्या आसपास, नान्नजला माळढोक अभयारण्यापाशी, नाहीतर येडशीचं रामलिंग. यातलं कुठं खरंच राहता येतं? पोरं ५ ते १२ वयाची. बाथरूमची काहीतरी सोय लागेल. प्रत्यक्ष राहिलेल्यांनीच सांगा प्लीज, रील मी पण बघितलेत.

बोरामणी_फाटा:
तंबू लागतात की आपल्याकडं, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला. पाळण्याशेजारी ठोका, व्ह्यू पण मिळतो, लायटिंगपण फुकट 😄
जोक सोडा पण खरं सांगू का भाऊ, आपल्याकडं ना डोंगर ना झाडी, उगं कशाला पुण्यासंगं स्पर्धा. दुपारी हुरडा खाऊ घाला अन् रात्री सोलापुरी चादर देऊन घरात झोपवा. दाजी खूश.

माळावरचा:
बोरामणीकर, डोंगर-झाडी नाही हे मान्य, पण म्हणून काही नाही असं नाही बे. गेली आठ-नऊ वर्षं हिवाळ्यात एकदा-दोनदा तरी मी बाहेर झोपतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांब होईल.

आधी तुमच्या यादीचं. नळदुर्ग सोलापूरपासून ४५-५० किमी, हैदराबाद रोडला, रस्ता मस्त. पण किल्ला संरक्षित स्मारक आहे, आत रात्री राहता येत नाही, संध्याकाळी बाहेर काढतात. आणि लोक ज्या नर-मादी धबधब्याचे रील टाकतात तो पाणीमहालावरनं बोरी नदीचं पाणी पडतं तेव्हाचा, म्हणजे पावसाळ्याचा. पाणीमहाल १६१३ चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, बंधाऱ्याच्या पोटात महाल, ते बघायला दिवसा जा, दोन-तीन तास आरामात जातात, उपळ्या बुरुजावर पोरांना चढवा. मुक्काम तिथं नाही.

रामलिंग विसरा. एक तर ते अभयारण्य आहे, आणि २०२४ च्या डिसेंबरात तिकडं पार टिपेश्वरहून वाघ चालत आला, येडशी ते बार्शी तालुका फिरत होता, जनावरं मारली, पकडायला ताडोब्याची टीम आणली होती. माकडं तर तुमच्या तंबूत तुमच्या आधी झोपतील.

नान्नज. जागा माझ्या सगळ्यात आवडीची, पण अभयारण्याच्या हद्दीत तंबू टाकायचा नाही म्हणजे नाही, वनविभाग दंड करेल तो वेगळा. १९७९ पासून माळढोकासाठी राखलेलं गवत आहे ते, आणि माळढोक आता जवळजवळ दिसतच नाही. जे जमिनीवर अंडी घालतात, गवतात लपतात त्यांच्या डोक्यावर आपण कशाला पथारी टाकायची? पण पहाटे सातच्या आत नान्नज-मार्डी बाजूला गाडीतनं चक्कर मारा, काळवीट हमखास. नर खरंच काळा असतो, पोरांना वाटतं कुणीतरी रंगवलाय.

आता खरा मुद्दा. आपल्याकडं "स्पॉट" शोधत बसू नका, शेत शोधा. ओळखीच्या माणसाचं, मुरमाड उंचवट्याचं, खाली ज्वारी असलेलं. तुळजापूर रोडला तामलवाडीच्या पुढं बालाघाटाची चढण सुरू होते, तिकडं असले माळ भरपूर. नुकतीच येळवस (वेळा अमावस्या) झालेली असते, तेव्हा बऱ्याच शेतांत कडब्याची खोप, म्हणजे झोपडी, उभीच असते. आपले आजे-पणजे वर्षातनं एक दिवस अख्खं घर बैलगाडीत घालून आंबील-भज्जी-उंडे घेऊन शेतात जायचे, आपलं कॅम्पिंग ते हेच की. पुणेकरांना तलाव लागतो कारण त्यांना मोकळं आभाळ दिसत नाही. आपल्याला चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं दिसतं. सूर्य मावळतो ते शेवटच्या टिकलीपर्यंत दिसतं, मध्ये काही आड येत नाही. अंधार पडला की पूर्वेला मृग वर आलेला असतो, मध्ये बाणाच्या तीन चांदण्या, मागनं व्याध. पोरांना एवढी गोष्ट सांगितली की मोबाईल विसरतात, निदान अर्धा तास.

आवाज पण असतात. टिटवी रात्रभर ओरडती. रातवा नावाचा पक्षी चक-चक-चक करतो, दगडावर काहीतरी आपटल्यासारखं. कोल्हे लांबनं. पहिल्यांदा ऐकलं तर भीती वाटते, आधीच सांगून ठेवा.

प्रॅक्टिकल गोष्टी:
तंबूसोबत येतात त्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या मुरमात जात नाहीत, वाकतात. वेल्डिंगवाल्याकडनं १२ एमएमच्या सळईचे फूटभर तुकडे कापून घ्या, एक टोक घासून आणि सोबत हातोडा. माळावर वारं फुकटचं असतं. मी एकदा खुंट्यांच्या भरवशावर भाकरी खायला खाली गेलो आणि परत आलो तर तंबू बांधाच्या बाभळीवर, माझी बॅग आत. काळ्या रानात ठोकायचा नाही, भेगा असतात, भेगांत काय असतं ते सांगत नाही. आणि अवकाळी शिंतडा जरी आला तरी काळ्या मातीत गाडी घालायची नाही, ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. उसाच्या फडाजवळ अजिबात नको, बिबट्या उसातच असतो. २०२० च्या डिसेंबरात करमाळ्यात बिबट्यानं माणसं मारली होती, ते विसरू नका. बूट रात्री तंबूच्या आत आणि सकाळी झटकून. गवतात शेकोटी नाही, कुसळी गवत पेट्रोलसारखं पेटतं. मोकळ्या, खरवडलेल्या जागेत, दगडाचा गोल करून, आणि झोपताना पाणी ओतून.

पाणकावळा:
उजनीचं मी सांगतो, सीझनला महिन्यातनं दोन चकरा असतात माझ्या कॅमेरा घेऊन.

भीमानगरला धरणाच्या भिंतीजवळ जाल तर शंभर किमीच्या आत बसतं, पण तिथं राहायचं-फोटोचं सोडून द्या, धरणाचा एरिया. लोक ज्याला उजनी म्हणून रील टाकतात ते भिगवण-कुंभारगावच्या बाजूचं, ते सोलापूरपासून दीडशेच्या घरात. पुण्याहून शंभर. म्हणजे दाजींना ते त्यांच्याच घराजवळ नेऊन दाखवणार तुम्ही 😀

दुसरं, पक्षी बघायला डिसेंबर चुकीचा महिना आहे. आपल्याकडं बाकी जगाला न कळणारी भाषा आहे ना, उजनी प्लस का मायनस. ११७ टीएमसी धरण, त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा, म्हणून शून्याच्या खाली गेली तरी पाणी असतंच. पाऊसकाळ बरा झाला की डिसेंबरात ती फुल प्लसमध्ये असते, पाणी पार उसाच्या बांधाला लागलेलं. रोहित पक्ष्याला (फ्लेमिंगो) लागतो उथळ चिखल, चोच उलटी करून गाळून खातो तो. पाणी उतरायला लागलं, काठ उघडे पडले की मग खरे थवे येतात, फेब्रुवारी-मार्च. आणि उन्हाळ्यात मायनसमध्ये गेली की पळसदेवचं बुडालेलं मंदिर वर येतं, ते बघायला लोक बोटीनं जातात. बोटीवरनं आठवलं. लाईफ जॅकेट नसेल तर कितीही ओळखीचा नावाडी असला तरी बसायचं नाही. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळात उलटून सहा जण गेले. उजनी वरनं शांत दिसते, वारं सुटलं की समुद्र होतो.

काठावर तंबू टाकायचाच असला तर पाण्याच्या रेषेपासून चांगलं लांब. पहाटे दवानं तंबू आतनं-बाहेरनं ओला होतो, आणि मच्छर. माळावरचा म्हणतात ते तुमच्या पोरांच्या दृष्टीनं जास्त बरं.

जुळेकर:
माळावरचा दादा, पाणकावळा, खूप आभार. नळदुर्ग दिवसा आणि शेतात मुक्काम असं डोक्यात बसायला लागलंय. पण बाथरूम? बायको म्हणती तुम्हा पुरुषांना काय, बांधाच्या पलीकडं गेलं की झालं. आणि बहीण तर आता पक्की पुणेकर. एखादं हुरडा पार्टीवालं कृषी पर्यटन बघू का, तंबू पण देतात म्हणे?

कडक_लक्ष्मी:
शेवटी कुणीतरी मुद्द्याचं विचारलं. दोन माणसांनी अख्खं आकाश सांगितलं, संडासचं एकानंही नाही.

आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो असल्या एका ठिकाणी, नाव घेत नाही. फोटोत शेत, खोप, चूल, सगळं. गेल्यावर कळलं तंबू एकमेकांना चिकटून बावीस, मी मोजले, मधोमध स्टेज आणि रात्री साडेअकरापर्यंत डीजे. हुरडा म्हणजे सकाळी भाजून ठेवलेला, परत गरम केलेला, चामट. माणशी बाराशे घेतले आणि २२ तंबूंना संडास तीन. माझी सासू रात्री दोन वाजता उठून रांगेत उभी होती. त्यामुळं पैसे भरायच्या आधी फोन करून फक्त तीन गोष्टी विचारा: त्या दिवशी किती लोक आहेत, आवाज कितीपर्यंत चालतो, संडास किती. हुरड्याचं विचारू नका, सगळेच चांगला म्हणतात.

त्यापेक्षा शेत निवडताना ज्या शेतावर वस्ती आहे असं निवडा. म्हणजे मालकाचं घर तिथंच, हाकेच्या अंतरावर, संडास आहे, बोअर आहे, म्हातारी आहे. म्हातारी असली की सगळं होतं. पोराचं पोट दुखलं तर ओवा तिच्याकडं, चुलीवरची भाकरी तिच्याकडं. तिला पैसे देताना तिच्याच हातात द्या, पोराच्या नाही. तंबू वरच्या माळावर ठोका, पण झोपायच्या आधी बायका-पोरांची एक फेरी खालच्या घराकडं, बॅटरी घेऊन. आणि गावच्या पोलीस पाटलाला मालकाकडनं एक फोन जाऊ द्या, रात्री अनोळखी गाड्या दिसल्या की गावातली पोरं चौकशीला येतात, त्यांचं पण बरोबर असतं.

थंडीचं: स्लीपिंग बॅगा विकत घेऊ नका. सोलापूरचं असून स्लीपिंग बॅग घेतली म्हणून सांगू नका कुणाला. खाली सतरंजी, त्यावर घोंगडं, अंगावर दोन चादरी. खालनं जास्त गारठतं, वरनं नाही, म्हणून घोंगडं खाली. नवऱ्याला हे सांगून तीन वर्षं झाली.

विजापूर_वेस:
सगळे माळाच्या मागं लागलात, नदी कुणी सांगेना. हत्तरसंग कुडल बघा की राव. चाळीसेक किमी, भीमा-सीनेचा संगम, जुनी मंदिरं, बहुमुखी शिवलिंग, आणि शके ९४०, म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख, "वांछितो विजेया होईवा". असल्या जागी रात्र काढायची म्हणजे काय. नाहीतर माचणूर. सिद्धेश्वराचं मंदिर, खाली भीमेचा घाट, शेजारी किल्ला. औरंगजेबाची छावणी इथंच ब्रह्मपुरीला होती, १६९५ ते १६९९. आख्ख्या जिल्ह्यात एवढा लांबलेला कॅम्प दुसरा नाही, चार वर्षं तंबू काढलेच नाहीत 😄

माळावरचा:
विजापूर वेस, दोन्ही जागा एक नंबर, पण दिवसा. नदीपात्रात तंबू टाकायला मी पोरांसोबत कधीच सांगणार नाही. उजनीतनं पाणी सोडलं की भीमा वाढती, वर आभाळ स्वच्छ असलं तरी. आणि पात्रात वाळू काढून काढून खड्डे पडलेत, गुडघाभर पाण्यातनं चालता चालता माणूस एकदम गळ्यापर्यंत जातो. संगमावर सकाळी जा, शिलालेखावर बोट फिरवू नका, बघा नुसतं, डबा खा, या.

विजापूर_वेस:
पात्रात कोण म्हणतंय, वर म्हणतोय मी. बरं राहू दे, पाण्याचं पटलं.

कडक_लक्ष्मी:
औरंगजेबाकडं संडास किती होते ते विचारा आधी.

बोरामणी_फाटा:
😂😂 ताई

माळावरचा:
जुळेकर, अजून एक. २५ तारखेला हुरडा जरा कवळा असेल कदाचित, पेरणी कधी झाली त्यावर आहे. मालकाला आधीच विचारा आणि ज्वारीचं वाण सुरती नाहीतर गूळभेंडी असेल तर उत्तमच, नेहमीच्या मालदांडीचा पण चालतो पण त्याला ती गोडी नाही. संक्रांतीच्या आसपास खरा भरतो. पण पाहुणे काय आपल्या ज्वारीला विचारून येत नाहीत.

जुळेकर:
जाऊन आलो! उशिरा लिहितोय कारण चादरी धुवायच्या होत्या, त्यातनं कुसळं काढता काढता आठवडा गेला.

ऑफिसातल्या एका मित्राच्या चुलत्याचं शेत मिळालं तुळजापूरच्या अलीकडं, वस्ती होती, म्हातारी पण होती (कडक लक्ष्मी ताई, दंडवत). दिवसा नळदुर्ग केलं. दाजी पाणीमहालात शिरले ते बाहेरच येईनात, सिव्हिल इंजिनिअर आहेत, चारशे वर्षांपूर्वी बंधाऱ्याच्या पोटात खोली कशी काढली असेल, पाणी कसं झिरपत नाही, कमान कशी, हे आम्हाला अर्धा तास समजावलं. आम्ही हो हो केलं. संध्याकाळी पाचला शेतावर.

सळईच्या खुंट्या केल्या होत्या, तरी पहिल्या दोन मुरमात ठोकताना हातोड्याचा दांडाच निघाला. शेवटी काकांनी पहार आणली, भोक पाडलं, मग खुंटी. दोन तंबूंना सव्वा तास. पोरं तोवर ज्वारीत हरवली आणि सापडली.

हुरडा कवळाच होता, दादा म्हणाले तसा. पण म्हातारीनं बांधाकडच्या, आधी पेरलेल्या पट्ट्यातली कणसं हातानं दाबून दाबून निवडली, प्रत्येक कणसाला अंगठा लावून बघायची आणि नको असलेलं तसंच ताटाला सोडायची. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणीस घातलं की आधी धूर, मग तडतड, मग तो वास. ती गरम कणीस तळहातावर घेऊन दुसऱ्या हातानं चोळायची, फुंकर मारायची, कोंडा उडायचा आणि हिरवे मणी राहायचे. भाच्यानं करायला घेतलं तर हात भाजला, रडला, परत केलं. शेंगा चटणी, दही, गूळ. दाजींनी किती खाल्ला ते त्यांनी लिहू नको म्हटलंय.

चंद्राची कोर लवकर मावळली आणि मग जे आभाळ उघडलं ना. मला लहानपणी गच्चीवर झोपायचो ते आठवलं, तेव्हा सोलापुरात पण असंच दिसायचं. मृग, बाण, व्याध सांगितलं, माझ्या लेकीनं विचारलं बाण मारलाय तर हरीण अजून पडलं का नाही. मला उत्तर आलं नाही. साडेदहाला कोल्हे सुरू झाले आणि चारही पोरं एकाच तंबूत, त्यांच्यासोबत माझी बहीण, आणि पाच मिनिटांनी दाजी पण "पोरं घाबरतील" म्हणून. तीन माणसांचा तंबू तो. मी आणि बायको दुसऱ्यात आरामात पाय पसरून झोपलो.

तक्रार एकच, पहाटे चारनंतर वाऱ्यानं बाहेरचा कव्हर असा फडफडला की झोप संपली. खालनं घोंगडं होतं म्हणून थंडी नाही वाजली. बहिणीनं एक स्लीपिंग बॅग आणली होती पुण्याहून, चेन अडकली, तिला कात्रीनं सोडवली.

परत येताना नान्नजकडनं फिरून आलो. काळवीट अकरा, त्यात दोन काळे. भाचा म्हणाला मामा पवन्याला हे नसतं. मी काय बोललो नाही, आरशातनं दाजींकडं बघितलं फक्त.

बाकी सगळं आवरलं, राख विझवली, कचरा पोत्यात घालून घरी आणला. फक्त दोन खुंट्या मुरमातनं निघाल्याच नाहीत, पहारीनं पण नाही. काका म्हणाले राहू द्या, पुढच्या येळवसला खोपीला दोरी बांधायला होतील.